पुराचा पुडा

प्रेमलाच्या हातचं नाचणीचं पीठ पावसाळाभर जसंच्या तसं राहायचं. कुबट वास नाही, जाळी नाही, पोरकिडा नाही. त्यात जादू कसली? दाणा मंद आचेवर भाजायचा, तडतड थांबेपर्यंत कढईपासून हलायचं नाही. दळून झालं की पीठ परातीत पसरून ठेवायचं आणि हाताची पाठ लावून बघायची. पाठीला किंचित जरी ऊब लागली तरी बांधायचं नाही. बास, एवढंच. पण एवढंच बघायलासुद्धा हात लागतो, आणि हाताचाच तर सगळा वांधा होता.

धामणशेत गावाचा बाजार, दवाखाना, एसटीचा थांबा सगळं नदीच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला नुसत्या दोन वाड्या. काठाला भातखाचरांमध्ये खालची वाडी, कुणब्यांची तीसेक घरं. तिच्या माथ्यावर उघड्या कातळाचा सडा, आणि सड्यावर बौद्धवाडीची नऊ घरं. सड्यावर धड काही पिकत नाही, म्हणूनच ती जागा यांच्या वाट्याला आलेली. प्रेमला तिथली, बालवाडीची बाई. नवरा राजाराम मिरजोळ्याला कारखान्यात, शनिवारी तेवढा घरी यायचा. दरसाल आषाढात नदी ये-जा करायचा लाकडी साकव वाहून न्यायची आणि दोन्ही वाड्या चार-पाच दिवस अडकून पडायच्या. त्याची सवय होती लोकांना. पण पंच्याऐंशी साली नदी खालच्या वाडीत घरांतच शिरली. माणसं पोरंबाळं घेऊन अर्ध्या चढावरच्या शाळेत जाऊन बसली. कणगीतलं भात भिजलं, चुली विरघळल्या, सरपण वाहून गेलं.

आणि वर सड्यावर नऊच्या नऊ चुली पेटलेल्या! बौद्धवाडीतल्या बायांनी टोपलंभर भाकऱ्या भाजल्या, प्रेमलाने त्या शाळेच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. कुणी हात लावला नाही. आत चिमा होती. चिमा म्हणजे प्रेमलाची चौथीपर्यंतची मैत्रीण. एका पाटीवर दोघींनी चित्रं काढलेली. लग्न खालच्या वाडीतल्या वाडीतच झालं, सोनूबाईची सून झाली. मांडीवर दीड महिन्याची मुलगी. चार दिवस चिमाच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, दूध आटलं, आणि पाचव्या दिवशी पोर गेली. पायरीवरच्या भाकऱ्यांचा भिजून लगदा झाला, तो कुत्र्यांनी खाल्ला. आता याला काय म्हणायचं? नदीच्या माथी खापर फोडून सगळे मोकळे झाले.

प्रेमलाच्या डोळ्यांपुढून ते टोपलं काही हलेना. पण कुढत बसणारी बाई नव्हती ती. सड्यावरची नाचणी खालच्या वाडीत विकत जाते, मिरच्या जातात, गवताचे भारे जातात, तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. कोरडं चालतं, पाणी लागलं की बाटतं, हा गावाचा कायदा.

"बरं बाबांनो, कोरडं तर कोरडं," ती राजारामला म्हणाली. "असं कोरडं करते की त्याला चूल नको नि सरपण नको. गार पाण्यात कालवा नि खा."

देवरुखला बालवाडीच्या शिबिरात पोरांसाठी पीठ करायला ती शिकली होती. त्यातच तिने आपली भर घातली. भाजलेली नाचणी दोन वाटे, चण्याचं डाळं एक वाटा, शेंगदाण्याचं कूट, किसून उन्हात वाळवलेला गूळ, मीठ, चिमूटभर सुंठ. तोंडाला चव यावी म्हणून वेगळ्या कागदात दोन आमसुलं. एका पुड्यावर एका माणसाचे दोन दिवस निघावेत असा अंदाज. प्लास्टिक राजाराम आणायचा. नळीसारख्या लांब पिशव्यांचे तुकडे कारखान्यात फेकूनच द्यायचे. तोंड बंद करायची युक्तीही त्यानेच दाखवली. पिशवीची कड करवतीच्या दोन पात्यांमध्ये धरायची, दोरीइतकी बाहेर ठेवायची आणि तिच्यावरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची. कड वितळून चिकटते, मग पाण्यात बुडवली तरी आत थेंब जात नाही. पात्याचे दात कडेवर उमटतात. अख्खा पुडा दीड रुपयाच्या आत बसला, याहून स्वस्त काय होणार!

पुढच्या साली चैत्रात वहाळावर चिमा धुणं धुताना दिसली. पोट पुढे आलेलं.

"आषाढात हाय गो," ती हळूच म्हणाली.

आषाढात! त्याच आठवड्यात प्रेमलाने दहा पुडे केले आणि ते घेऊन सोनूबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सोनूबाई म्हणजे खालच्या वाडीचं तोंड. नवरा कधीच गेलेला, मुलगा मुंबईला, हातात कायम काठी. ती हो म्हणाली की तीस घरं हो म्हणायची. त्या दिवशी ओटीवर आप्पा गावकार बसलेले होते. गावात काय चालतं नि काय बाटतं, ते आप्पांनी सांगायचं.

"सोनूकाकी, कोरडं हाय," प्रेमला म्हणाली. "पाण्याचा थेंब नाय लागलेला."

आप्पांनी लांबूनच पुडा न्याहाळला. "भाजलंय ना?"

"भाजल्याबिगर टिकंल कसं, आप्पा?"

"मग तुज्या चुलीवर चढलं. चुलीवर चढलं ते कोरडं कसं? ते शिजल्यातच जमा."

"आणि संगमेश्वरच्या स्टँडावर तुमी शेव खाता, ती कुणाच्या चुलीवरची ते विचारता काय?"

झालं! आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बालवाडी मिळाली तर शिंगं फुटली काय गो तुला?" ते ओरडले. प्रेमला मागे हटली नाही, पण पुडेही पुढे करवेनात.

सोनूबाईने मात्र डोकं थंड ठेवलं. गेल्या साली गेलेली नात तीही विसरली नव्हती. "आप्पा, पोर सांगते त्यात वाईट काय नाय," ती म्हणाली. "आमचं आमी भाजू. हिनं सांगावं, आमी करावं. प्रेमले, त्या पिशव्या दे तेवढ्या."

म्हणजे बघा, प्लास्टिक चाललं. राजारामच्या मेणबत्त्या चालल्या. कशात काय किती घालायचं, ती अक्कल चालली. हात तेवढे चालले नाहीत. प्रेमलाच्या अंगाची लाही लाही झाली, पण चिमाचं पोट तिच्या डोळ्यांपुढे होतं, म्हणून तिने पिशव्या आणून दिल्या.

वैशाख संपता संपता सोनूबाईच्या पडवीत तीन चुली मांडल्या. वाडीतल्या बाया जमल्या. प्रेमला अंगणात तुळशीच्या अलीकडे उन्हात उभी. तिथून ओरडून ओरडून सांगायची: आच कमी करा, ती कढई उतरवा, गूळ आत्ता नको. चिमा जात्यावर बसली होती. एकदा दोघींची नजरानजर झाली, तर चिमाने खुंट्याकडे बघितलं नि दळायला लागली.

आभाळ भरून आलं होतं. पेरण्या तोंडावर होत्या, तीस घरांचे पुडे आजच्या आज उरकायचे होते. जात्यातून उतरलेलं गरम पीठ बाया तसंच पिशव्यांत भरायला लागल्या.

"अगो, गार होऊ द्या!" प्रेमला ओरडली. "परातीत पसरा, उद्या बांधा!"

"उद्या पेरायला कोण, तुजा राजाराम येल?" एकीने म्हटलं, आणि पडवी खो खो हसली.

पिशव्यांना आतून घाम धरलेला तिला तुळशीपासून दिसत होता. "काकी, मला एकदा हात लावून बघू दे. एकाच पिशवीला. नको असली तर ती टाकून द्या."

"लांबनंच बघ," सोनूबाई म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज, कुणाला पाट सरकवून द्यावा तसं. मेणबत्तीचं काम वेळखाऊ म्हणून करवतीची पाती बाजूला ठेवली आणि पिशव्यांची तोंडं सुतळीने करकचून बांधली. प्रेमला घरी आली आणि शनिवारी राजाराम येताच त्याला म्हणाली, "नासलं बघ ते सगळं." मग तिने आपल्या नऊ घरांसाठी केले होते त्यांच्यावर आणखी बारा पुडे केले. ते कुणासाठी ते राजारामने विचारलं नाही.

आषाढात नदी आली. गेल्या सालापेक्षा हातभर वर आली. खालची वाडी पुन्हा शाळेत, या वेळी प्रत्येकाच्या बोचक्यात सुतळीने बांधलेला पुडा. दुसऱ्या दिवशी भूक लागली तसे ते सोडले, आणि शाळाभर आंबूस घाण सुटली. पिठावर हिरवी केसाळ बुरशी. ज्यांनी भुकेपोटी तेही खाल्लं ते ओकून ओकून आडवे झाले. सड्यावरून तांदूळ आणि सुक्या लाकडांचे दोन भारे पाठवले. कोरडं ना, ते घेतलं! पण लाकडं वाटेतच चिंब झाली होती. नुसता धूर. बाप्ये कच्चे तांदूळ चावत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मागच्या खोलीत चिमा बाळंत झाली. पुन्हा मुलगी. कळलं तशी प्रेमलाने तीन पुडे पोटाशी धरले, वरून इरलं घेतलं आणि धावत उतार उतरली. दारात सोनूबाई काठी टेकून उभी. तिच्यामागे सगळी वाडी.

"काकी, बाळंतिणीच्या पोटात काय गेलंय?"

प्रेमलाने पुडे पायरीवर ठेवले, त्याच पायरीवर. सोनूबाईने काठीच्या टोकाने ते एकेक करून खाली चिखलात ढकलले.

"सगळे बघतायत, प्रेमले," ती म्हणाली. "ने ते."

प्रेमलाचं डोकं फिरलं. पण भांडत बसायला वेळ कुठे होता? तिने चिखलातून पुडे उचलले, शाळेला वळसा घातला आणि मागच्या खिडकीशी गेली. चिमा भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. पोर रडत होती, पण कशी, मांजराच्या पिल्लासारखी. प्रेमलाने एक पुडा वरून फाडला. चिखलात पडला होता तरी आत पीठ कोरडं ठणठणीत, नुकतं भाजल्यासारखा वास. करवंटीत पागोळीचं पाणी धरून तिने पीठ कालवलं नि करवंटी गजांशी नेली. चिमाच्या हातांत ती धरायचंही त्राण उरलं नव्हतं. मग प्रेमलाने गजांतून हात घालून घास भरवले. एक, दोन, पाच. चिमाने तिची बोटंसुद्धा चाटून घेतली.

"हळू गो, ठसका लागंल," प्रेमला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तीन दिवस असं चाललं, दिवसातून दोनदा. दुसऱ्याच दिवशी आतलं दार उघडलं आणि सोनूबाई आत आली. प्रेमलाचा हात तेव्हा तिच्या सुनेच्या तोंडाशी होता. मग सोनूबाई आली तशी मागे फिरली, दार ओढून घेतलं, आणि बाहेर तिचा आवाज आला, "कुणी आत जाव नका, बाळंतीण निजलीय." प्रेमलाला वाटलं, बाईला पाझर फुटला, आता काहीतरी बदलेल. तिथेच ती फसली. चिमाला दूध आलं, पोर अंग धरायला लागली, आणि प्रेमला मनातल्या मनात खुळ्यासारखी खूश झाली.

पाणी ओसरल्यावर तालुक्याहून एक साहेब आले. शाळेच्या अंगणात दोन्ही वाड्या जमल्या. खालची वाडी पुढे, सड्यावरचे मागे. साहेबांनी वही काढली. खायचं काय केलंत, त्यांनी विचारलं.

"ही बालवाडीवाली," आप्पा हात करून म्हणाले, "हिनं पुडे करायला शिकवलं. सगळे नासले. माणसं मरायची बाकी ऱ्हायली."

"खोटं नका बोलू आप्पा! गार न करता बांधलंत, मी घसा फोडून सांगत हुते—"

"सगळे नाय नासले," सोनूबाई मध्येच म्हणाली. "माज्या घरचे ऱ्हायले. माजी सून त्यावरच तर जगली. ती बघा तिची पोर."

साहेब खूश. त्यांनी पुडा कसा करतात ते विचारलं, आणि सोनूबाईने सांगितलं: दोन वाटे नाचणी, एक वाटा डाळं, किसून वाळवलेला गूळ. एक अक्षर चुकलं नाही. पुढच्या सालापासून नदीकाठच्या सगळ्या वाड्यांचे पुडे तालुक्यातर्फे करायचे, साहेब म्हणाले, आणि ते काम या सोनूबाईंच्या देखरेखीखाली व्हावं.

प्रेमला माणसांतून वाट काढत पुढे आली. साहेबांकडे तिने बघितलंही नाही. चिमा ओसरीवर बसली होती, पुढ्यात पोर निजवलेली. जमीन ओली होती म्हणून पोरीच्या दुपट्याखाली एक प्लास्टिकचा तुकडा पसरलेला, फाडून मोठा केलेला. त्याच्या एका कडेला करवतीचे दात स्वच्छ उमटलेले होते.

"चिमे, तू सांग," प्रेमला म्हणाली. "तू काय खाल्लंस?"

चिमाने सासूकडे बघितलं नाही, आप्पांकडे बघितलं नाही. तिने दुपट्याची कड ओढून त्या प्लास्टिकवर घेतली.

"आमच्याच घरचं हुतं," ती म्हणाली.

प्रेमलाने दुपटं उचललं असतं तर? हात नुसता लांब करायचा होता. साहेबांच्या नाकासमोर ती कड धरायची होती. पण मग चिमाला वाडीने घरात घेतलं असतं का? आणि त्या तान्ह्या जिवाला? ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाय, सर की मागं," आणि ती मागे सरली. त्या दिवशी तिला चिमाचा जितका संताप आला तितका आप्पांचाही आला नाही. आप्पांनी काही तिची बोटं चाटली नव्हती.

श्रावणात एके दुपारी, खालची वाडी बेणणीला खाचरांत वाकलेली असताना चिमा सड्यावर आली. पोर पदराखाली. प्रेमलाच्या अंगणात ती उभीच राहिली.

"प्रेमे, एक पुडा दे गो. दूध पुरत नाय. नुसत्या पेजेवर काय येतंय?"

शिंक्यात चार पुडे उरले होते. प्रेमलाने एक फोडला, आपल्या ताटलीत पीठ कालवलं, वर गुळाचा खडा ठेवला आणि ताटली ओटीवर ठेवली.

"बस. खा."

"घरी नेते मी."

"घरी नाय. हितं, माज्या ओटीवर, माज्या ताटलीत. खिडकीतनं खाल्लंस ना? आता दारातनं खा."

चिमाची नजर ताटलीवर होती. एवढ्यात पायवाटेवर घुंगरं वाजली. धाकू गुराखी गुरं घेऊन सड्यावर येत होता.

"कोन तरी बघंल गो."

"बघू दे."

चिमाने पोरीला सावरलं आणि वळली. बरं झालं, प्रेमला स्वतःशी म्हणाली, जा मर. ती ओटीवर घट्ट बसून राहिली. उतारावरून पोरीचं रडणं ऐकू यायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं असतं, आणि हे रडणं प्रेमलाने गेल्या सालीही ऐकलं होतं, शाळेच्या पायरीवर भाकऱ्यांचं टोपलं घेऊन उभी असताना. फणसाच्या वळणापर्यंत तिने कळ काढली. मग चिमाला, तिच्या सासूला, साहेबाला आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या घालत ती उठली, शिंक्यातून बंद पुडा ओढला आणि अनवाणी धावली.

चिमा थांबली. तिने आधी वाट वरपासून खालपर्यंत बघून घेतली, मग पुडा घेतला आणि पोरीच्या पाठीशी पदरात खोचला.

"सासूला सांग," प्रेमला धापा टाकत म्हणाली, "पुढल्या साली पीठ गार झाल्याबिगर बांधू नका. हाताची पाठ लावून बघायची. सगळ्या वाड्यांचे पुडे करणार तुमी, पोरं मरतील नायतर."

"सांगंन," चिमा म्हणाली. मग जरा घुटमळली. "पन मला कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

पदराबाहेर दिसणारी पुड्याची कड प्रेमलाने आत ढकलली.

"सांग," ती म्हणाली, "आमच्याच घरचं हाय म्हणून."